गार, हिम, बर्फ

भंडाऱ्यात बर्फ भेटतो तो दोनच ठिकाणी. उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवर, आणि मासळीबाजारात, चुरा होऊन मासोळ्यांच्या थरांमध्ये दाबलेला. दोन्हीकडे तो कारखान्यातून लादीनं येतो. आभाळातून इथं जे पडतं ती गार. माघ-फाल्गुनातल्या एखाद्या दुपारी ढग काळेनिळे होतात, कौलांवर तडतड सुरू होते आणि अर्ध्या तासात उभा हरभरा, उभी लाखोरी भुईला लागते. त्या शब्दात गारवा कमी आणि धास्ती जास्त. गारपीट म्हटलं की पाठोपाठ तलाठी आणि पंचनामा आलेच.

अशा जिल्ह्यातल्या वाचकानं स्वीडिश कवितेचं पुस्तक उघडलं तर पहिल्या काही पानांतच त्याला बर्फ लागतो. तो लादीचा नाही आणि गारेचाही नाही. आवाज न करता पडणारा, कुंपणावर, छपरावर, थांबलेल्या सायकलीच्या खोगिरावर साचत जाणारा. त्याला मराठीत काय म्हणायचं? गार म्हणावं तर ती टणक, मारकुटी. हिम संस्कृतातून आलेलं, हिमालयाच्या वर्णनात शोभणारं. ते कुणाच्या अंगणात पडत नाही. राहिला बर्फ. तो फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ नेमका आभाळातून पडणारा असाच होता. गोठलेल्या पाण्याला तिथं वेगळा शब्द आहे, यख. स्वीडिशमध्येही तसंच आहे. पडतो तो स्न्यो, गोठतं ते ईस. मराठीनं मात्र एकाच शब्दाच्या पदरात दोन्ही टाकली आणि मग त्याची लादी करून गोळेवाल्याच्या हवाली केली.

कवी अनुवादाला बसतो तेव्हा अडचण अशा ठिकाणी असते. अर्थ शब्दकोशात सापडतो, पण शब्दाला चिकटलेलं हवामान तिथं सापडत नाही.

स्कँडिनेव्हियाचं वारं मराठीत आलं ते आधी रंगभूमीवर. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’नं श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं. ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक त्यात होत्या. पुरुषांनी लुगडी नेसून स्त्रिया उभ्या करण्याच्या काळाला या नाटकानं मोठा धक्का दिला. त्याच वर्षी ‘चांदरात’ हा कवितासंग्रह देणाऱ्या अनंत काणेकरांनी पुढे इब्सेनच्या ‘डॉल्स हाऊस’वरून ‘घरकुल’ लिहिलं. कवीनं उत्तरेकडे वळून पाहण्याची ही जुनी खूण. पण ‘घरकुल’ हे रूपांतर. उत्तरेतला माणूस, त्याची थंडी, त्याचा देव, सगळं तसंच ठेवून मराठीत आणायचं हे काम सदानंद रेग्यांनी अंगावर घेतलं.

रेगे मूळ कोकणातले. 21 जून 1923 रोजी राजापूरला जन्मले आणि वाढले मुंबईत. चित्रकलेचं शिक्षण अर्धवट राहिलं, नोकऱ्या केल्या, उशिरा एम. ए. झाले आणि रुइया महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. ‘अक्षरवेल’ 1957 मध्ये आलं, ‘गंधर्व’ 1960 मध्ये, ‘देवापुढचा दिवा’ 1965 मध्ये. कथा लिहिल्या त्याही विलक्षण. आणि या सगळ्याच्या जोडीनं अनुवाद चालूच. सॉफोक्लीसचा ईडिपस ‘जयकेतू’ या नावानं मराठीत आला, व्हिटमन ‘तृणपर्णे’ होऊन आला, विजार घातलेल्या ढगावरची मायाकोव्हस्कीची दीर्घ कविता आली आणि इब्सेनचा ‘ब्रँड’ आला.

इब्सेन नॉर्वेचा. मग स्वीडनच्या गोष्टीत तो कशाला, असं कुणी विचारेल. ‘ब्रँड’ 1866 साली छापून आलं तेव्हा नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजाखाली होते. ती गाठ 1905 पर्यंत सुटली नाही. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की ऑस्लोचा माणूस आणि स्टॉकहोमचा माणूस आपापल्या भाषेत बोलत राहतात आणि गप्पा चालतात. साकोलीच्या बाजारात झाडीबोली बोलणारी म्हातारी आणि पुण्याहून आलेला अधिकारी यांचं जमतं तसं काहीसं. तिच्या तोंडी पाणीचं पानी होतं, डोळ्याचा डोरा होतो आणि अधिकारी क्षणभर थांबतो, मग समजतो. शिवाय रेग्यांच्या ‘ब्रँड’इतका उत्तरेच्या थंडीला भिडणारा अनुवाद मराठीत करणारा दुसरा कवी चटकन आठवत नाही.

‘ब्रँड’ हे पद्यनाटक आहे आणि ते मराठीत आणणं म्हणजे बर्फाशीच झुंज. ब्रँड हा पाद्री. सर्वस्व द्या नाहीतर काहीच देऊ नका, हा त्याचा हट्ट. ज्या खेड्यात तो राहतो ते कड्याखाली आहे, हिवाळ्यात तिथं ऊन पोचत नाही. मूल आजारी पडतं. डॉक्टर सांगतो, इथून निघा, नाहीतर पोर वाचणार नाही. ब्रँड राहतो, मूल जातं. पुढं नाताळच्या संध्याकाळी एक भटकी बाई दारात येते, आपल्या कुडकुडत्या पोरासाठी कपडे मागते, आणि ब्रँड बायकोला म्हणतो, दे, सगळे दे. ॲग्नेस एकेक कपडा देते. शेवटी छातीशी लपवलेली एक छोटी टोपी उरते. तीही द्यावी लागते.

मराठीत त्या टोपीला टोपडं म्हणतात. बाळाला बाळंतिणीच्या खोलीतून पहिल्यांदा अंगणात आणताना घालतात ते. या एका शब्दात ॲग्नेसचं दुःख वैनगंगेच्या काठावरच्या कुठल्याही आईपर्यंत तळटिपेशिवाय पोचतं. बर्फाच्या बाबतीत मराठी गरीब आहे, पण टोपड्याच्या बाबतीत श्रीमंत आहे. अनुवादकाचा जमाखर्च असा चालतो. एका पानावर खोट येते, दुसऱ्या पानावर ती भरून निघते.

आणखी एक पेच. ॲग्नेस नवऱ्याला काय म्हणेल, तू की तुम्ही? नॉर्वेजियनमध्ये त्या काळी जवळिकीचा ‘दू’ आणि अंतराचा ‘दे’ असे दोन शब्द होते. इंग्रजीत दोन्हीचं ‘यू’ होतं आणि भेद पुसला जातो. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्याला तो पुसलेला भेद पुन्हा आपल्या हिमतीवर काढावा लागतो. जुन्या मराठी घरातली बायको नवऱ्याला तुम्ही म्हणेल, इब्सेनची ॲग्नेस त्याला जवळिकीनं हाक मारते. मराठी घर खरं ठेवावं तर नॉर्वेचं घर खोटं पडतं. स्वीडनमध्ये तर पुढं हा प्रश्न आणखी गुंतला. 1967 मध्ये ब्रोर रेक्सेद नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखानं सांगून टाकलं, मी इथल्या प्रत्येकाला ‘दू’ म्हणेन. थोड्या वर्षांत सारा देश एकमेकांना ‘दू’ म्हणू लागला. प्राध्यापकाला, डॉक्टरला, अनोळखी म्हाताऱ्याला. आता साठच्या दशकाआधीची स्वीडिश कादंबरी आणि नंतरची कादंबरी यांतल्या ‘दू’चं वजन सारखं नाही. भंडाऱ्यात अनोळखी म्हाताऱ्याला तू म्हणणारा पोरगा उद्धट ठरेल. मराठी अनुवादकाला प्रत्येक संवादापाशी थांबून ठरवावं लागतं.

नाटकाच्या शेवटी गेर्ड नावाची वेडसर पोर बंदूक झाडते. त्या आवाजानं डोंगरावरचा सारा बर्फ सुटतो आणि ब्रँडला, तिला, दोघांना गिळतो. हिमकडा म्हणा, हिमलोट म्हणा, शब्द कष्टानं घडवावा लागतो. दरड कोसळणं कोकणच्या माणसाला ठाऊक असतं. राजापुरात जन्मलेल्या कवीच्या कानात ती दरड असेल, असं मानायला मन होतं.

रेग्यांच्या कारकिर्दीत अनुवाद ही फावल्या वेळची गोष्ट नव्हती, हे त्यांच्या 1980 च्या संग्रहाच्या नावावरूनच कळतं: ‘ब्रांकुशीचा पक्षी’. रुमानियात जन्मून पॅरिसमध्ये राहिलेला शिल्पकार मराठी संग्रहाच्या मुखपृष्ठावर येतो, आणि परका वाटत नाही. या पक्ष्याची एक गोष्ट भंडाऱ्यात सांगण्यासारखी आहे. ब्रांकुशीचं ‘अवकाशातला पक्षी’ हे चकचकीत कांस्यशिल्प 1926 साली अमेरिकेत पोचलं. त्याला पंख नव्हते, चोच नव्हती. जकात अधिकाऱ्यांनी ते कलाकृती मानलं नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या वर्गात धरून त्यावर 40 टक्के जकात लावली. खटला झाला आणि 1928 मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूनं लागला. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या गावाला ही चूक लगेच समजेल. धातू तोच, चकाकीही तीच; सीमा ओलांडताना पक्ष्याचं भांडं झालं. कविता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा नाक्यावर हीच भीती असते.

21 सप्टेंबर 1982 रोजी रेगे गेले. साठीही झाली नव्हती.

स्वीडिश कवितेचा खरा संसार थाटलेली कवयित्री भंडाऱ्याच्या शेजारच्या राज्यात, शेजारच्या भाषेत सापडते. तुमसरच्या उत्तरेला बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. हिंदी कवयित्री तेजी ग्रोव्हर 1955 साली पठाणकोटला जन्मल्या, चंदीगडच्या महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलं आणि मग मध्य प्रदेशात वस्ती केली. पहिला संग्रह 1983 चा, ‘यहाँ कुछ अँधेरी और तीखी है नदी’. पुढं 1989 मध्ये भारतभूषण अग्रवाल पुरस्कार. मग आणखी संग्रह, ‘नीला’ ही कादंबरी, मुलांसाठीचं काम, चित्रं. आणि या सगळ्यातून वाहत राहिलेला अनुवाद. नॉर्वेच्या हामसुनची 1890 ची ‘भूख’ त्यांनी हिंदीत आणली. स्वीडिश कवितांचा संग्रह आणला, त्याचं नाव ‘बर्फ की ख़ुशबू’.

हे नाव मराठीत आणून पाहावं. ‘बर्फाचा सुगंध’ म्हटलं की अत्तराची बाटली डोळ्यांपुढं येते. ‘बर्फाचा वास’ म्हटलं की मासळीबाजार. ‘बर्फाचा दरवळ’ तर खोटाच, कारण दरवळ उष्णतेनं पसरतो. हिंदीच्या वाट्याला हिमाचल आणि कुमाऊँ आलेत, तिथं बर्फ अंगणात पडतो, म्हणून त्या भाषेत बर्फ आणि ख़ुशबू शेजारी बसू शकतात. सह्याद्री-सातपुड्याच्या भाषेला हे शेजारपण अजून बांधायचं आहे.

तेजी ग्रोव्हरांचे जीवनसाथी रुस्तम सिंह हेही कवी. त्यांनी नॉर्वेचा ओलाव हाउगे हिंदीत आणला. एका घरात दोन कवी आणि दोघांच्या टेबलावर उत्तरेच्या भाषा, हे चित्र फार आवडण्यासारखं आहे. स्वीडिश अकादमीनं तेजी ग्रोव्हरांच्या अनुवादाचा गौरव केला. स्वीडनच्या राजसत्तेनं त्यांना ‘ऑर्डर ऑफ द पोलर स्टार’ दिली. हा सन्मान 1748 पासूनचा, आणि 1975 नंतर बराच काळ तो फक्त परदेशी माणसांसाठी राखलेला होता. पोलर स्टार म्हणजे आपला ध्रुव. भंडाऱ्यातून तो उत्तरेच्या क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर दिसतो, आंब्याच्या शेंड्याआड सहज जाईल इतका खाली. स्टॉकहोममध्ये 59 अंशांवर, मान चांगलीच वर करावी लागते. तारा तोच, पाहण्याचा कोन वेगळा.

स्वीडिश कवींची या बाजूला ये-जा झालेली आहे. तूमास त्रान्सत्र्योमर 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळला आले होते आणि कारखान्याबाहेर के. सच्चिदानंदन यांच्यासारख्या भारतीय कवींबरोबर त्यांनी कवितावाचनात भाग घेतला होता. भोपाळच्या त्या कारखान्याबाहेर उभा राहिलेला हा माणूस पेशानं मानसशास्त्रज्ञ. साठच्या दशकात रोक्सतूनाच्या बालगुन्हेगारांच्या संस्थेत त्यांनी काम केलं, नंतर वेस्तेरोस शहरात. कविता मोजक्या, आयुष्यभराच्या साऱ्या एका बेताच्या पुस्तकात मावतील इतक्या. पहिलं पुस्तक 1954 चं, त्यात सतरा कविता आणि नावही ‘सतरा कविता’. तेही अनुवादक होते. अमेरिकेच्या रॉबर्ट ब्लाय यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. दोघं एकमेकांच्या कविता आपापल्या भाषेत आणत होते आणि एकेका शब्दावरून पत्रं धाडत होते. 1990 मध्ये पक्षाघातानं वाचा गेली, उजवा हात गेला. त्यानंतर ते डाव्या हातानं पियानो वाजवत. 2011 मध्ये नोबेल मिळालं, 2015 मध्ये ते गेले. ज्या कवीच्या कविता साठाहून अधिक भाषांत गेल्या त्याच्या स्वतःच्या तोंडी अखेरची पंचवीस वर्षं जेमतेम काही शब्द होते.

मधल्या भाषेवरून आणलेला अनुवाद कमअस्सल, असं मराठीत बरेचदा म्हटलं जातं. हे मत जरा घाईचं आहे. 1913 साली स्वीडिश अकादमीनं रवींद्रनाथांना नोबेल दिलं ते मुख्यतः इंग्रजी ‘गीतांजली’ वाचून. तिचा स्वीडिश अनुवाद करणाऱ्या आंद्रेआ ब्यूतेनशोन संस्कृतच्या अभ्यासक होत्या, त्यांनी त्याआधी कठोपनिषद स्वीडिशमध्ये नेलं होतं. ‘गीतांजली’ मात्र इंग्रजीतूनच गेली. पूर्वेकडून उत्तरेकडेही वाट इंग्रजीच्या नाक्यावरूनच होती. त्या वाटेनं काही कमी पोचलं असेल, पण पोचलं.

तरीही थेट वाटेची ओढ सोडवत नाही, आणि त्याला व्याकरणाचं कारण आहे. इंग्रजीत ‘द’ नामाच्या आधी उभा राहतो. स्वीडिशमध्ये तो नामाच्या शेपटाला चिकटतो: फ्लूद म्हणजे नदी, फ्लूदेन म्हणजे ती ठरलेली, ओळखीची नदी. मराठीत ‘द’ नाही, पण शब्दाच्या शेवटी काहीतरी चिकटवून अर्थ वळवणं मराठीच्या हाडात आहे. नदीला, नदीत, नदीनं, नदीच. त्या ‘नदीच’मधला च कधी कधी फ्लूदेनच्या फार जवळ जातो. इंग्रजीच्या नाक्यावर ही सोयरीक दिसतच नाही. तशीच बर्फाची. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फावर जी कडक पापडी धरते तिला स्वीडिशमध्ये ‘स्कारे’ हा एकच शब्द आहे. धानाच्या बांधीतला चिखल वाळताना वर जी पापडी येते, पाय ठेवला की मोडते आणि खाली ओल लागते, ती पाहिलेला माणूस ‘स्कारे’ ऐकताच मान डोलावेल.

बांधीवरून आठवतं. आषाढात भंडाऱ्यात रोवणी चालते. एका लहान वाफ्यात पऱ्हे वाढवतात, मग ते उपटतात, मुळांची माती धुतात, जुड्या बांधतात आणि गुडघाभर चिखलात दुसरीकडे रोवतात. पहिले काही दिवस रोप पिवळं पडतं, माना टाकतं. नव्या माणसाला वाटतं, गेलं. शेतकरी बांधावरून पाहतो आणि पाणी किती आहे तेवढं बघून पुढं जातो. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी सुटलेलं असेल तर आठवड्याभरात हिरवा कोंब वर येतो. अनुवादित कवितेचे पहिले वाचकही ती पिवळी असतानाच पाहतात. रेग्यांचा ब्रँड कधीचा रोवला गेला. त्याला पाणी किती मिळालं, हे ग्रंथालयांच्या नोंदवह्यांनाच ठाऊक. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द वेचून कागदावर आणले तेव्हा तेही याच जातीचं काम करत होते. घरात बोलली जाणारी भाषा आणि शाळेत लिहिली जाणारी भाषा, यांच्यामध्ये रोज ये-जा करत वाढलेल्या मुलाला अनुवाद म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तो पहिलीच्या वर्गात पानीचं पाणी करून आलेला असतो.

झाडीपट्टीतल्या अशाच एखाद्या मुलानं किंवा मुलीनं पुढं स्वीडिश शिकावं, ही इच्छा मनात येते ती संध्याकाळच्या एका अडचणीमुळे. बर्फाला शब्द नसलेल्या मराठीकडे संध्याकाळसाठी मात्र शब्दांची रास आहे: सांज, तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण, गोरज. कारधासारख्या गावाच्या कुसाबाहेर उभं राहून पाहिलं तर वैनगंगेवर सूर्य टेकतो आणि अर्ध्या तासात वावरातला माणूस ओळखू येईनासा होतो. एवढ्याशा वेळासाठी इतके शब्द. स्वीडिश संधिप्रकाशाला ‘श्यूमनिंग’ म्हणतात आणि जूनमध्ये स्टॉकहोमला तो मावळून संपतच नाही; रात्रभर आभाळ निळसर राहतं आणि त्यातूनच पहाट होते. त्याला कातरवेळ म्हणावं तर हुरहूर बरोबर येते, पण कातरवेळ सरते, हे मराठी कान धरून चालतो. दिवेलागण म्हणावं तर देवापाशी वात लावली, हात जोडले, शुभं करोती झालं, आणि बाहेर अंधार आलाच नाही.